खुकरीचा कस कुठे लागतो

नेपाळची खुकरी किती टिकाऊ आहे हे दाखवण्याची आज एक ठरलेली रीत पडली आहे. वाळलेल्या कठीण ओंडक्यात ती सारा जोर लावून हाणायची, रुतलेले पाते आडवेतिडवे पिळून सोडवायचे, पाठीवर सोट्याचे घाव घालून लाकूड फाडायचे आणि शेवटी खिळ्यावर किंवा पत्र्याच्या पिंपावर चालवून धार पाहायची. पाते जसेच्या तसे राहिले की खुकरी अस्सल, कुठे वाकले की टाकाऊ. अशा परीक्षा निरर्थक नाहीत. हलके पोलाद आणि कच्ची बसवलेली मूठ त्यांत लगेच उघडी पडते. पण अवजाराला काहीच न होणे म्हणजे टिकाऊपणा, हे त्यामागचे गृहीत मला चुकीचे वाटते. रोज वापरायच्या अवजाराला काहीतरी होणारच, आणि जे होईल ते घरी किंवा गावच्या भट्टीवर सुधारता यावे, या हिशेबाने खुकरी घडवलेली असते.

तिचा लष्करी इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १८१४ ते १८१६ च्या इंग्रज-नेपाळ युद्धात तिचे नाव झाले आणि पुढे गोरखा पलटणींसोबत ते जगभर गेले. मात्र बहुतेक खुकऱ्यांचे आयुष्य सरपण तोडण्यात, बांबू सोलण्यात, झाडपाल्याचा चारा छाटण्यात आणि दशैंच्या सणाला बोकड कापण्यात जाते. पूर्व नेपाळातले भोजपूर आणि धरान ही तिच्या कारागिरीची नामांकित ठिकाणे. घडवणारे कामी, म्हणजे विश्वकर्मा समाजाचे लोहार. कच्चा माल बहुधा मालमोटारींचे जुने कमानपाटे. या पोलादात कार्बन साधारण ०.६ टक्के आणि थोडे क्रोमियम असते. वर्षानुवर्षे खड्ड्यांचे धक्के खाऊन पुन्हा सरळ होण्यासाठीच ते बनवलेले असते.

या कारागिरीतले सर्वांत विलक्षण साधन म्हणजे एक साधी चहाची किटली. पाते घडून झाले की लोहार ते कोळशाच्या भट्टीत तापवतो, ८०० अंश सेल्सियसच्या वर, पण हा आकडा तो वाचत नाही. अंधारलेल्या भट्टीत पोलादाचा रंग पाहतो. मग पाते बाहेर काढून किटलीच्या तोटीतून कढत पाण्याची बारीक धार नुसत्या धारेच्या कडेवर सोडतो. हात पुढेमागे फिरत राहतो आणि जिथे घाव बसतो त्या पोटाच्या फुगीर भागावर सर्वांत जास्त वेळ रेंगाळतो. कड क्षणात थंड होऊन कठीण होते, पाठ मात्र लालच असते. पाणी थांबले की पाठीतली उष्णता कडेकडे परत येते आणि तिचा ठिसूळपणा कमी करते. थंड करणे आणि उतरवणे ही दोन कामे, जी कारखान्यात दोन वेगळ्या टप्प्यांत होतात, इथे एकाच ओतण्यात उरकतात. या जातीचे पोलाद तेलात थंड करावे असे धातुशास्त्राची पुस्तके सांगतात, कारण पाण्यात ते तडकू शकते. अख्खे पाते पाण्यात बुडवले तर तो धोका खराच आहे. केवळ एक पट्टी भिजते म्हणून तो इथे आटोक्यात राहतो. चांगल्या खुकरीची कड रॉकवेल 'सी' मापावर ५५ ते ५८ च्या आसपास भरते; पाठ आणि मुठीजवळचा भाग त्याहून पुष्कळ मऊ असतो.

तेव्हा या पात्याचा टिकाऊपणा एका आकड्यात कसा सांगणार? प्रयोगशाळेतल्या कसोट्या काटेकोर असतात यात शंका नाही, पण त्या दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देतात. सुऱ्यांची धार मोजणारी आंतरराष्ट्रीय प्रमाणित चाचणी घ्या. तिच्यात यंत्र वाळूचे कण मिसळलेल्या कागदाच्या थप्पीवर पाते मागेपुढे चालवते. स्वयंपाकघरातल्या सुरीला ती योग्य आहे. खुकरी कागद चिरत नाही, ती आदळते. तिच्या कसोटीत पाहायला हवे ते कड कशी हरते हे. ती मुडपते की तिचा टवका उडतो? मुडपलेली कड म्यानातल्या चकमक नावाच्या छोट्या बोथट पात्याने घासून सरळ करता येते. टवका उडाला तर तेवढे पोलाद कायमचे जाते.

यावर कोणी म्हणेल, असे असेल तर मऊ लोखंडाचीही बाजू मांडता येईल, कारण तेही वाकते आणि सरळ होते. ही पळवाट मला मान्य नाही. कड कानशीला दाद देता कामा नये. कानस तिच्यावरून घसरली पाहिजे आणि पाठीवर चावली पाहिजे. ही दोन मिनिटांची तपासणी आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: रंग पाहून तापमान ठरवणाऱ्या डोळ्यावर भरवसा किती ठेवायचा? एका भट्टीतल्या दोन पात्यांत फरक पडतो, हे खरेच आहे. शिवाय विजेच्या सहाणेवर घाईने धार काढताना कड निळी पडली की किटलीने कमावलेला कठीणपणा तिथेच जातो, आणि पॉलिशखाली तो निळा डाग दिसतही नाही. जुन्या पाट्यात आधीच सूक्ष्म तडे असू शकतात. हे दोष ओंडक्यावरच्या आडदांड प्रयोगात एखाद्या नगावर दिसतील. पुढच्या शंभर नगांबद्दल तो प्रयोग काही सांगणार नाही.

पूर्वी ही हमी व्यवहारातूनच मिळत असे. नेपाळच्या डोंगराळ गावांत बाली-घरे नावाची पद्धत होती: लोहाराने वर्षभर घरोघरची अवजारे घडवायची, शेवटायची, आणि सुगीला ठरलेले धान्य घ्यायचे. आपल्याकडचा लोहार बलुतेदार होता, त्या बलुतेदारीचीच ही सख्खी बहीण. खुकरी लवकर बोथट झाली तर ती त्याच भट्टीवर परत येई आणि दुरुस्तीचे वेगळे पैसे मिळत नसत. म्हणून चांगले पाणी देण्यात लोहाराचा स्वतःचा फायदा होता आणि प्रत्येक चुकीची खबर त्याला मिळत होती. या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तीच व्यवस्था त्याला अस्पृश्य मानत होती, त्याने घडवलेले पाते घरात घेऊन त्याला उंबऱ्याबाहेर उभे करत होती. जातीभेदावरचे कायद्याचे छत्र १९६३ च्या मुलुकी ऐनाने, म्हणजे नेपाळच्या कायदेसंहितेने, काढून घेतले, तरी २०११ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला यावरून तो किती चिवट आहे ते कळते. या समाजातले तरुण आखातात आणि मलेशियात कामाला जातात; घाम आणि अपमान दोन्ही देणाऱ्या भट्टीवर त्यांनी थांबावे असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे?

आज खुकरी परदेशी गिऱ्हाइकाकडे टपालाने जाते आणि परत येत नाही. तिथल्या कोरड्या हवेत मुठीचे लाकूड आकसते, मुठीत शिरलेली पात्याची शेपटी धरून ठेवणारी राळ सुटते, मूठ खुळखुळते. पात्याआधी बहुधा मूठच हार मानते, आणि घडवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. राळ तापवून मूठ पुन्हा बसवता येते, पण हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? म्हणून विक्रेत्यांनी ओंडके फोडून दाखवण्यापेक्षा बिघडलेले नग परत मागवावेत, पात्यावर घडवणाऱ्याची खूण असावी, आणि कोणते पाते कुठे हरले ती माहिती त्याच्या भट्टीपर्यंत पोहोचावी. दुरुस्तीची मजुरीही त्याला मिळावी. खुकरी विकत घेणार असाल तर ती किती ओंडके फोडते हे विचारू नका. ती कोणी घडवली आणि मूठ सैल झाली तर कोण बसवून देईल, हे विचारा.