पाऊण तासाचा गोंधळ

कोयनानगरच्या एका लग्नपत्रिकेत हळद, अक्षता, जेवण यांच्या ओळीत गोंधळाचीही वेळ छापली होती: रात्री ९ ते ९.४५. रात्र जागवणारा गोंधळ पाऊण तासात बसवतात तरी कसा, ते बघायला जाणं आलंच.

चौक मांडून झाला. चौरंगावर नवं कापड, तांदूळ, कलश, विड्याची पानं, नारळ, देवीचा टाक. दिवटी पेटली आणि जळक्या तेलाचा वास कार्यालयातल्या अत्तरांवर चढला. बुधलीतून तेल सोडणाऱ्या पोराचं लक्ष ज्योतीपेक्षा नाइकांच्या, म्हणजे मुख्य गोंधळ्यांच्या, पावलांकडे होतं. पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ. वय साठीच्या पुढचं, पण संबळ कडाडला की गिरकी अशी की दिवटीवाल्याने मागे सरावं.

“पाऊण तासात नुसतं बोलावणं व्हतं,” नाईक आधीच म्हणाले होते. “कथा ऱ्हातीच.”

बोलावण्यात मात्र त्यांनी काटछाट केली नाही. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा आणि पालीचा खंडोबा, एकेकाला नाव घेऊन सांगावा गेला. तेवढ्यात सोलापूरकडून आलेले एक आजोबा उठले. धरणात गाव गेलं, तेव्हा त्यांचं घर तिकडे हललं. “आमच्या गावदेवीलाबी हाक मारा.” धरणाच्या शिवसागर जलाशयात १०५ टीएमसी पाणी मावतं, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल, त्या पाण्याखालच्या देवीचं नाव अर्ध्या मांडवाला नवं होतं. नाइकांनी ते दोनदा घेतलं. पाऊण तासातली सगळ्यात सार्थकी लागलेली मिनिटं तीच.

परशुरामाने बेटासुराला मारलं, त्याच्या शिरालाच तार लावून वाद्य केलं आणि ते रेणुकेपुढे वाजवलं, अशी गोंधळाची जन्मकथा सांगतात. तुणतुण्याची ती कुळकथा नाइकांनी चार वाक्यांत संपवली. साथीदार मधेच भोळे प्रश्न विचारून कथा फुलवतो, ती गंमत सुरू होते न होते तोच यजमानांनी मनगटाकडे बोट दाखवलं.

विधी मोडायला कधी सरकारी बंदी येते: अमेरिकेत लाकोटा या आदिवासी लोकांच्या सूर्यनृत्यावर १८८३ मध्ये सरकारनेच बंदी आणली; आदिवासींच्या धर्मस्वातंत्र्याचा कायदा व्हायला १९७८ साल उजाडलं. गोंधळावर असला घाला कुणी घातला नाही. त्याला कॅटररची घाई पुरते.

गोंधळात राहून जाणारी ती कथा, म्हणजे आख्यान, अर्थात मेलेलं नाही. परभणीचे गोंधळी राजाराम कदम यांनी ते गाजवलं. द्रौपदीच्या मनातला कर्ण उघड करणारं ‘जांभूळ आख्यान’ शाहीर विठ्ठल उमपांनी रंगभूमीवर नेलं. तिकीट काढून लोक ते शेवटपर्यंत ऐकत. घरच्या देवीपुढे मात्र पाऊण तास.

आरती झाली, बिदागी मिळाली. झगा घडी करता करता नाईक पुढच्या सुपारीचं सांगू लागले. सांस्कृतिक कार्यक्रम, मोठा स्टेज. आयोजकांना आख्यान अख्खं हवंय. चौक तेवढा मांडू नका, असा त्यांचा निरोप आहे.