भिंतीचें सौंदर्य आणि भिंतीचें आरोग्य

ठाण्याच्या उत्तरेस, खाडीच्या कांठीं वसलेलें कोलशेत हें पूर्वीं लहानसें गांव होतें. आज तेथें उंच इमारती उभ्या आहेत, आणि नव्या बिऱ्हाडाची पहिली हौस म्हणजे दिवाणखान्याची एखादी भिंत नक्षीदार गिलाव्यानें सजविणें. हौस वावगी नाहीं. परंतु गिलावा ही भिंतीची त्वचा होय, आणि आजारी अंगावर उंची शालू नेसविल्यानें प्रकृति सुधारत नसते.

ही कला आपल्याकडे जुनी आहे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यांत भांगेच्या झाडाचे तंतु मिसळलेले आहेत, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. वाड्यांच्या काळीं गवंडी विझविलेला चुना रेतीबरोबर घाणींत मळीत व त्यांत गूळ आणि हिरड्याचें पाणी घालीत. राजस्थानांतील आराइश कामांत चुना व संगमरवराची पूड यांचे पातळ थर अकीकाच्या दगडानें घोटून आरशासारखे चकचकीत करितात. चुना हवेंतील कार्बन डायॉक्साइड शोषून सावकाश दगडाचें रूप घेतो. त्याचा थर सच्छिद्र राहतो, म्हणून भिंतींतील ओल बाहेर पडूं शकते.

हल्लीं प्रचारांत असलेला जिप्समचा गिलावा याहून निराळा. सुमारें १५० अंश सेंटिग्रेड उष्णतेनें भाजलेल्या जिप्समची पूड पाण्यांत कालविली कीं ती थोडक्या वेळांत घट्ट होते, व भिंत गुळगुळीत येते. मात्र ओलीनें ती मऊ पडते. म्हणून स्नानगृहाच्या भिंतीस किंवा पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीस आंतून जिप्सम लावूं नये.

खाडीकांठीं आणखी एक शत्रु असतो, तो म्हणजे मीठ. खारी रेती धुतल्यावांचून वापरली, तर ओलीबरोबर क्षार वर येतात, भिंतीस लोणा लागतो व नक्षीचे पापुद्रे सुटतात. दमट भिंतीवर बुरशी धरते, आणि तिचा त्रास घरांतील मुलांस व दमेकऱ्यांस आधीं होतो.

म्हणून कारागिरास बोलावण्यापूर्वीं एक सोपी परीक्षा करावी. हातभर चौरस प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीनें बंद कराव्या. दुसऱ्या दिवशीं आंतल्या बाजूस दंव दिसल्यास ओल भिंतींत आहे असें समजावें. गळती शोधून ती आधीं बंद करावी. सिमेंटचा नवा गिलावा निदान सात दिवस पाणी मारून भिजवावा व नंतर महिनाभर वाळूं द्यावा. मग थापीच्या मुठीनें ठोकून पाहावें. पोकळ आवाज येईल तो भाग काढून नव्यानें भरावा. शेवटीं नक्षीचा एक हातभर नमुना करवून घ्यावा आणि तो दिवसाच्या व दिव्याच्या अशा दोन्ही उजेडांत पाहूनच पसंत करावा.

एवढा धीर धरणाऱ्याची भिंत अनेक पावसाळे शोभून दिसेल. गृहप्रवेशाच्या मुहूर्तासाठीं घाई करणाऱ्यास मात्र तोच खर्च पुन्हां करावा लागण्याचा संभव फार.