विजय कुणाच्या खात्यावर?

खेळाचं मोजमाप : लेखांक ६

मे २०२५ मध्ये आयपीएलच्या सामन्यांत लखनौच्या एकाना मैदानावर अमरावतीच्या जितेश शर्माने चार दिवसांच्या अंतराने दोनदा बंगळूरूच्या संघाचं नेतृत्व केलं. नियमित कर्णधार रजत पाटीदार बोटाच्या दुखापतीमुळे तेव्हा फक्त इम्पॅक्ट प्लेअर म्हणून खेळत होता. २३ मे रोजी हैदराबादने २३१ धावा केल्या आणि बंगळूरूचा संघ १८९ धावांत आटोपून ४२ धावांनी हरला. २७ मे रोजी लखनौने २२७ धावा केल्या आणि बंगळूरूने त्या १८.४ षटकांतच ओलांडल्या. जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या, संघ गुणतक्त्यात दुसरा आला आणि अमरावतीत या विजयाचं श्रेय ‘आपल्या कर्णधारा’च्या नावावर जमा झालं. आनंद अगदी रास्त होता, पण हिशेब चुकीच्या खात्यावर मांडला गेला. कर्णधाराचं काम मुख्यतः संघ क्षेत्ररक्षणाला उतरतो तेव्हाचं असतं: कोणाला कधी चेंडू द्यायचा, कोणाला कुठे उभं करायचं, कधी आक्रमण करायचं. त्या कामाचं फळ दोन्ही दिवशी जवळपास सारखंच होतं. एकदा २३१ धावा दिल्या, एकदा २२७. निकाल मात्र उलटे लागले. फरक पडला तो जितेशच्या बॅटने आणि दुसऱ्या टोकाच्या मयंक अगरवालने. थोडक्यात, २७ मे रोजी सामना जिंकला तो फलंदाज जितेशने. कर्णधार जितेश २३ तारखेला होता तेवढाच बरा-वाईट होता.

ही दोन खाती वेगळी ठेवण्याची सवय आपल्याला नाही. अमेरिकी फुटबॉलमध्ये तर क्वार्टरबॅकच्या, म्हणजे प्रत्येक चालीत चेंडू ज्याच्या हातून पुढे जातो त्या खेळाडूच्या नावापुढे संघाचे जय-पराजय त्याचे स्वतःचे असल्यासारखे लिहिले जातात. जानेवारी २००१ मध्ये बाल्टिमोरने सुपर बोल जिंकला तो अभेद्य बचावाच्या जोरावर. क्वार्टरबॅक होता ट्रेंट डिल्फर. त्या विजयानंतर त्याच्या क्लबनेच त्याला मोकळं केलं. विजेतेपद त्याच्या नावावर राहिलं, पण तो विजय त्याचा नव्हता हे ज्यांना पगार द्यायचा होता त्यांना नेमकं ठाऊक होतं. क्रिकेटमध्ये ही जागा कर्णधाराची आहे आणि इथे हिशेब आणखी अवघड होतो, कारण कर्णधार निर्णयही घेतो आणि स्वतः खेळतोही. लखनौच्या त्याच दुसऱ्या सामन्यात पराभूत कर्णधार ऋषभ पंतने ६१ चेंडूंत नाबाद ११८ धावा केल्या होत्या. केवळ जय-पराजयाची वही ठेवली तर त्या दिवशी पंतच्या नावावर फक्त एक पराभव उरतो.

पंतच्या वहीतला असाच आणखी एक पराभव आपल्या जवळचा आहे. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस इंदूरमध्ये रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा दिल्लीचा कर्णधार पंत होता आणि विदर्भाचा फैज फजल. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता आणि साठ वर्षांत पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचला होता. विदर्भ नऊ गड्यांनी जिंकला. आता हे श्रेय वाटून पाहा. रजनीश गुरबानीने दिल्लीच्या पहिल्या डावात हॅट्‌ट्रिकसह सहा बळी घेतले. अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या. आदित्य सरवटे आणि सिद्धेश नेरळ यांनी खालच्या क्रमांकावर येऊन धावसंख्या ५४७ पर्यंत नेली. अकोल्याचा आदित्य ठाकरे आयुष्यातला पहिला प्रथम श्रेणी सामना खेळत होता, तोही अंतिम सामना. त्याआधी ईडन गार्डन्सवरच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाला विदर्भाने फक्त पाच धावांनी हरवलं होतं आणि त्या सामन्यात गुरबानीचे बळी होते बारा. आणखी सहा धावा कर्नाटकाने काढल्या असत्या तर फैज फजल इतिहासात उरला असता ‘उपांत्य फेरीपर्यंत नेणारा कर्णधार’ म्हणून, आणि त्याचं मैदानावरचं काम मात्र कणभरही कमी झालं नसतं.

फैजला श्रेय द्यायचंच नाही, असं मी म्हणत नाही. ते कोणत्या कामाचं द्यायचं, एवढाच प्रश्न आहे. त्याने त्या हंगामात सलामीला येऊन ९१२ धावा केल्या. तो फलंदाजाचा जमाखर्च. अंतिम सामन्यात नाणेफेक जिंकून त्याने आधी गोलंदाजी निवडली. ते कर्णधाराच्या खात्यावर जातं आणि तिथे ते ठळकपणे लिहिलं पाहिजे. अंतिम सामन्यात धावा फलकावर लावून दडपण टाकावं, हा संकेत मोडायला धाडस लागतं, आणि वेगवान गोलंदाज भरात आहेत हे ओळखायला नजर लागते. हा निर्णय नंतर सामना कोणी जिंकला यावरून चांगला ठरत नाही. घेतला त्या क्षणी त्यामागे कारण होतं, म्हणून तो चांगला. दिल्लीच्या ध्रुव शोरेने १४५ धावा केल्या. तो आणखी थोडा टिकला असता तर याच निर्णयाला लोकांनी घोडचूक म्हटलं असतं.

नशिबाचा वाटा आपण किती कमी धरतो, हे २०२४-२५ च्या रणजी हंगामाइतकं लख्ख क्वचितच दिसलं असेल. केरळ पहिल्यांदाच अंतिम फेरीत आला. उपांत्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरवर त्याला पहिल्या डावाची, म्हणजे अनिर्णित सामन्याचा निकाल ठरवणारी, आघाडी मिळाली एका धावेची. उपांत्य सामन्यात गुजरातवर दोन धावांची: ४५७ विरुद्ध ४५५. गुजरातचा शेवटचा फलंदाज नागवासवाला याने जोरात मारलेला चेंडू शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आपटून उडाला आणि स्लिपमध्ये कर्णधार सचिन बेबीच्या हातात पडला. (गोलंदाज होता आपला आदित्य सरवटे, त्या हंगामात केरळकडून खेळणारा.) चेंडू बोटभर वरून गेला असता तर चौकार होता, आघाडी गुजरातची होती आणि केरळ घरी परतला असता. नागपूरच्या अंतिम सामन्यात हाच सचिन बेबी पार्थ रेखडेच्या चेंडूवर ९८ धावांवर झेल देऊन परतला आणि विदर्भाने ३७ धावांच्या आघाडीवर करंडक घेतला. त्या ३७ धावांच्या मागे पहिल्या सकाळच्या ३ बाद २४ पासून डाव सावरणारी दानिश मालेवार आणि करुण नायर यांची २१५ धावांची भागीदारी आहे. हंगामभर विक्रमी ६९ बळी घेणारा हर्ष दुबे आहे, ९६० धावा करणारा यश राठोड आहे. कर्णधार होता अक्षय वाडकर. आदल्या वर्षी, मार्च २०२४ मध्ये, वानखेडेवर मुंबईकडून १६९ धावांनी हरलेल्या विदर्भाचाही कर्णधार तोच होता, आणि त्या सामन्याच्या चौथ्या डावात त्याने झुंजार शतक केलं होतं. तो सामना हातून गेला पहिल्या डावात संघ १०५ धावांत कोसळला तेव्हाच. एका वर्षात वाडकर वाईट कर्णधाराचा चांगला कर्णधार झाला, यावर कोणाचा विश्वास बसेल?

यावर एक आक्षेप ठरलेला असतो आणि तो वजनदार आहे. एका सामन्याचं, एका हंगामाचं जाऊ द्या. वर्षानुवर्षं जिंकत राहणाऱ्या कर्णधाराचं काय? महेंद्रसिंह धोनीच्या चेन्नईने पाच आयपीएल करंडक जिंकले, हा काय निव्वळ योगायोग? योगायोग नक्कीच नाही. पण याची परीक्षा आपल्याच राज्यात होऊन गेली आहे. चेन्नईवर दोन वर्षांची बंदी आली आणि २०१६ मध्ये धोनी पुण्याच्या नव्या संघाचा कर्णधार झाला. प्रशिक्षकही तोच, स्टीफन फ्लेमिंग. पुण्याने १४ पैकी पाच सामने जिंकले आणि आठ संघांत सातवा क्रमांक मिळवला. पीटरसन, डू प्लेसी, स्मिथ, मिचेल मार्श एकामागून एक जायबंदी होऊन परतले होते. २०१७ मध्ये कर्णधारपद स्टीव्ह स्मिथकडे गेलं, बेन स्टोक्स आला, जयदेव उनाडकटने २४ बळी घेतले, आणि पुणे अंतिम सामन्यात मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरलं. धोनी त्या संघात साधा खेळाडू म्हणून खेळत होता. २०१८ मध्ये तो चेन्नईला परतला आणि लगेच करंडक घेऊन गेला. धोनीचं डोकं २०१६ साली पुण्यात बंद पडलं नव्हतं. चेन्नईत वर्षानुवर्षं टिकवलेले खेळाडू, स्थिर व्यवस्थापन, घरच्या खेळपट्टीला साजेशी फिरकी हे सगळं त्याच्या निर्णयांना बळ देत होतं, ते पुण्यात नव्हतं. थोर कर्णधार चांगल्या संघाकडून त्याच्या कुवतीचा शेवटचा थेंब काढून घेतो. कुवतच नसेल तिथे तोही ती निर्माण करू शकत नाही.

दुसरा आक्षेप इंग्लंडहून येतो. १९८१ च्या ॲशेस मालिकेत इयान बोथमच्या हाताखाली इंग्लंड पहिल्या दोन कसोटींत एक हरलं, एक अनिर्णित राहिली. मग माइक ब्रेअर्ली परत आला आणि मालिका ३-१ अशी इंग्लंडने जिंकली. ब्रेअर्ली फलंदाज म्हणून कसोटीत २३ ची सरासरीही गाठू शकला नाही. म्हणजे इथे फलंदाजाच्या खात्यातून उसनं घेतलेलं काही नाही, शुद्ध नेतृत्वच आहे. हा दाखला मला मान्य आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. ब्रेअर्लीला आपण मानतो ते त्याच्या ठळक, सांगता येण्याजोग्या कृतींसाठी. हेडिंग्लेत चढावर वाऱ्याविरुद्ध टाकणाऱ्या बॉब विलिसने टोक बदलून मागितलं, ब्रेअर्लीने ते दिलं, आणि १३० धावांचा पाठलाग करणारा ऑस्ट्रेलिया १११ वर गारद झाला. विलिसचे आठ बळी. पण त्याआधी बोथमच्या नाबाद १४९ नसत्या तर टोक बदलण्याची वेळच आली नसती. श्रेय मोजायचं तर असं, कृतीला धरून मोजावं.

या मापाने पाहिलं तर कर्णधाराचा वाटा सगळ्या क्रिकेटमध्ये सारखा नसतो, आणि आपल्याकडे तो नेमका उलटा वाटला जातो. वीस षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजाला चारच षटकं, पहिल्या सहा षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक. कर्णधाराचे पर्याय नियमांनीच कापलेले असतात, आणि आकडेवारीचा कागद घेऊन प्रशिक्षक सीमारेषेपाशी बसलेला असतो. चार-पाच दिवसांच्या सामन्यात गोलंदाजावर षटकांची मर्यादा नाही. दमलेल्या गोलंदाजाला अजून दोन षटकं द्यायची का, नवा चेंडू लगेच घ्यायचा की थांबायचं, डाव कधी घोषित करायचा, हे सगळं कर्णधाराचं. म्हणून फैज फजल आणि अक्षय वाडकर यांना आयपीएलच्या कोणत्याही कर्णधारापेक्षा मोठा वाटा मिळायला हवा, आणि प्रत्यक्षात मिळतो तो किती लहान! प्रशिक्षकाचा वाटाही इथेच धरावा लागतो. चंद्रकांत पंडित यांनी मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश अशा तीन संघांना रणजी जिंकून दिली. हा धोनीच्या पुण्यातल्या परीक्षेच्या नेमका उलट निकाल आहे, आणि म्हणून मी तो गंभीरपणे घेतो: संघ बदलले, माणूस तोच राहिला आणि यश टिकलं. पण विदर्भाने २०२५ ची रणजी पंडितांशिवाय, उस्मान गनी प्रशिक्षक असताना जिंकली, हेही त्याच वहीत लिहायला हवं.

कर्णधाराच्या खऱ्या कामाचा सर्वांत सुंदर नमुना मात्र मला १९७१ चा वाटतो. अजित वाडेकर यांना कर्णधारपद मिळालं निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतावर. वेस्ट इंडीज दौऱ्यात किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत पहिला दिवस पावसाने धुऊन गेला. भारताच्या ३८७, त्यात दिलीप सरदेसाईंच्या २१२. वेस्ट इंडीज २१७. आघाडी १७० ची. पाच दिवसांच्या कसोटीत फॉलोऑनला २०० ची आघाडी लागते, पण एक दिवस वाया गेल्याने सामना चार दिवसांचा धरला जातो आणि १५० पुरते. वाडेकरांना नियम ठाऊक होता. त्यांनी वेस्ट इंडीजचे कर्णधार गॅरी सोबर्स यांना पुन्हा फलंदाजीला यायला सांगितलं. कसोटी अनिर्णित राहिली, म्हणजे जय-पराजयाच्या वहीत या प्रसंगाला शून्य गुण. पोर्ट ऑफ स्पेनला त्यांनी सलीम दुराणीच्या हाती चेंडू दिला, दुराणीने सोबर्स आणि लॉइड यांना बाद केलं, त्यातला लॉइडचा झेल वाडेकरांनीच घेतला. ती कसोटी आणि मालिका भारताने जिंकली. गावसकरांच्या ७७४ धावा आणि त्याच वर्षी ओव्हलवर चंद्रशेखरचे ३८ धावांत सहा बळी हे वाडेकरांचे नव्हेत. फॉलोऑन आणि दुराणीच्या हातातला चेंडू मात्र त्यांचेच.

आपण मात्र सगळंच त्यांच्या नावावर लिहिलं, आणि तीन वर्षांनी त्याच हाताने सगळंच वसूल केलं. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये भारत ३-० हरला. लॉर्ड्‌सवर ओल्ड आणि अर्नोल्ड यांनी ढगाळ हवेत १७ षटकांत ४२ धावांत डाव संपवला. त्या वेळी कर्णधाराच्या हातात क्षेत्ररचना नव्हती, गोलंदाज नव्हता, फार तर स्वतःची बॅट होती. १९७१ च्या विजयासाठी इंदूरमध्ये उभारलेल्या भव्य बॅटला लोकांनी काळं फासलं. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आलं आणि त्यांनी निवृत्ती घेतली. तेव्हा ते ३३ वर्षांचे होते.