चाचण्यांतले नाते: खरे की योगायोग?

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या 160 मधुमेही रुग्णांच्या प्रत्येकी 40 चाचण्या केल्या, असे समजा. साखर, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, थायरॉइड, सगळे त्यात आले. कोणती चाचणी कोणत्या चाचणीबरोबर वर-खाली होते हे पाहायचे, तर 780 जोड्या होतात. कशाचा कशाशी काडीचा संबंध नसला, तरी नेहमीच्या 5 टक्क्यांच्या निकषाने सुमारे 39 जोड्या ‘संबंधित’ दिसतीलच. त्यातल्या एखादीची बातमी होते आणि रुग्ण ओपीडीत विचारतो, “डॉक्टर, ही पण तपासणी करून घेऊ का?” पैसे त्याला उसाच्या बिलातून द्यायचे असतात.

खरे नाते निवडायचे कसे, याचे एक उत्तर अणुविज्ञानातून आले. युरेनियमच्या अणुकेंद्रात 238 कण, प्रत्येकाची प्रत्येकाशी ओढाताण. 1950 च्या दशकात यूजीन विग्नर यांनी त्या तपशिलाचा नादच सोडला. आकड्यांच्या चौकोनी तक्त्यात, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, स्वैर संख्या भरल्या. जड अणुकेंद्रांच्या ऊर्जापातळ्यांमधली अंतरे कशी विखुरतात, ते या तक्त्यातून निघाले. शेजारच्या दोन पातळ्या एकमेकींना खेटून बसायचे टाळतात, हेही दिसले. सुरुवातीला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले मदनलाल मेहता यांनी पुढे फ्रान्समध्ये हे गणित पक्के केले. त्यांचा ‘रँडम मॅट्रिसेस’ हा ग्रंथ 1967 चा.

त्याच वर्षी मार्चेंको आणि पास्तूर या सोव्हिएत युक्रेनमधल्या गणितज्ञांनी आम्हा डॉक्टरांच्या उपयोगाचे सूत्र दिले. चाचण्यांच्या परस्परसंबंधांचे मॅट्रिक्स मांडले, की त्यातून 40 आकडे निघतात. त्यांना आयगेनव्हॅल्यू म्हणतात. चाचण्यांचा एखादा गट मिळून किती डोलतो, याचे ते माप. निव्वळ योगायोग असेल, तर आपल्या उदाहरणात हे आकडे साधारण 0.25 ते 2.25 या दरम्यानच राहतात. एखादा 5 किंवा 6 निघाला, तर तिथे काहीतरी खरे आहे. मात्र कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे गणित सांगत नाही. (क्रिएटिनिन आणि युरिया बरोबरीने वाढतात, हे कळायला मॅट्रिक्स लागत नाही, हेही खरे.)

मेंदूच्या डिफ्यूजन एमआरआय चित्रांतली खरखर काढायला आज हेच सूत्र वापरतात.

मधुमेह्याने वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन, रक्तातील क्रिएटिनिन, डोळ्यांचा पडदा आणि पाय तपासून घ्यावेत. या यादीमागे हजारो रुग्णांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा आहे. पॅकेजमधल्या बाकीच्या चाचण्यांबद्दल आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.