वेगमर्यादा : जाच की शेजारधर्म?

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. इ. स. १६०८ च्या रामनवमीस त्यांचा येथे जन्म झाला, असे परंपरा सांगते. हा परिसर उसाचा आहे. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या रात्री-अपरात्री कारखान्याच्या वाटेला लागतात. त्यांतील पुष्कळांच्या मागे दिवा नसतो. देवदर्शनास आलेले भाविक, शाळेला निघालेली मुले, शेतावरून परतणाऱ्या स्त्रिया आणि भरधाव मोटारी या सर्वांचा रस्ता एकच असतो. अशा रस्त्यावर वाहनाच्या वेगाला मर्यादा घालणे आणि ती ओलांडणाऱ्यास दंड करणे न्याय्य आहे काय, या प्रश्नाचा येथे विचार करू.

हा प्रश्न आम्हांला अनेकदा विचारला जातो. रविवारच्या मिस्सेनंतर एखादा बंधू मोबाईलवर आलेले ई-चलान दाखवतो आणि म्हणतो, “फादर, रस्ता मोकळा होता, कोणाला साधा धक्काही लागला नाही. मग दंड कशाचा?” या तक्रारीत तथ्य नाहीच, असे आम्ही म्हणत नाही. परंतु प्रथम वेग म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे.

वाहनापुढे अचानक मूल आले, तर चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार तेवढ्यात ११ मीटर पुढे जाते आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर, ब्रेक उत्तम असल्यास, आणखी सुमारे ९ मीटरवर थांबते. म्हणजे एकूण २० मीटर. आता हीच मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने येत आहे असे समजा. एका सेकंदातच ती जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते. पहिली मोटार जेथे पूर्णपणे थांबली, तेथे दुसरीचा वेग अजूनही सुमारे ५५ किलोमीटर असतो! मूल २० मीटरवर असेल, तर एका चालकाच्या हातून ते वाचते. दुसरा मात्र जवळजवळ पूर्ण वेगाने त्याच्यावर आदळतो. दोघांमधील फरक केवळ २० किलोमीटरचा.

या वेगाने मिळविले काय? गावातून जाणारा एक किलोमीटर रस्ता ताशी ४० च्या वेगाने दीड मिनिटात संपतो, ६० च्या वेगाने एका मिनिटात. बचत अर्ध्या मिनिटाची! ही अर्ध्या मिनिटाची कमाई चालकाची असते. तिची किंमत मात्र पायी चालणाऱ्याला द्यावी लागते. आपल्या घाईसाठी दुसऱ्याचा जीव पणाला लावण्याचा अधिकार कोणास नाही. वेगमर्यादेच्या न्याय्यतेचे मूळ येथे आहे. अपघात झाला नाही म्हणून धोका नव्हता, असे होत नाही. इ. स. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि सरकारी नोंदीनुसार त्यांतील दर दहांपैकी सात मृत्यू अतिवेगाने झाले.

मर्यादा सर्वत्र सारखी नसते, हेही लक्षात घ्यावे. जालना जिल्ह्यातूनच जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १२०, तर मालवाहू वाहनांना ८० किलोमीटरची मुभा देण्यात आली. कारण तेथे पादचारी व बैलगाड्या यांना प्रवेश नाही. मर्यादा ठरविताना चालकाचे कौशल्य नव्हे, तर त्या रस्त्यावरील सर्वांत दुर्बल माणूस डोळ्यांपुढे ठेवावयाचा असतो.

मात्र न्याय दोन्ही बाजूंनी हवा. मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमानुसार शासनाने वेगमर्यादा घातली, तर तशी खूण रस्त्यावर लावणेही त्याचेच काम आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनी वेग मोजणाऱ्या यंत्रास दरवर्षी प्रमाणपत्र घेणे, कॅमेऱ्यापूर्वी सूचनाफलक लावणे आणि गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठविणे बंधनकारक केले. फलक झाडाआड लपला असेल, तर नागरिकाने जरूर दाद मागावी.

मर्यादाच अवाजवी असेल तर? इ. स. १८९६ च्या जानेवारीत इंग्लंडमधील केंट परगण्यात एका मोटारचालकास दंड झाला. ताशी दोन मैलांची मर्यादा असताना तो आठ मैलांच्या वेगाने गेला होता आणि पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्याला पकडले होते! त्याच वर्षी कायदा बदलून मर्यादा चौदा मैल करण्यात आली. अवाजवी नियम बदलून घ्यावा, मोडू नये.

दंडाच्या रकमेबद्दलची तक्रार अधिक रास्त वाटते. इ. स. २०१९ च्या दुरुस्तीने हलक्या वाहनाच्या अतिवेगास एक ते दोन हजार रुपये दंड ठरविण्यात आला. हातावर पोट असणाऱ्याची ती कित्येक दिवसांची मजुरी. धनिकाला ती जाणवतही नाही. फिनलंडमध्ये मोठ्या अतिवेगाचा दंड उत्पन्नानुसार आकारतात. आपल्याकडेही असा विचार व्हावा. पण दंड विषम आहे म्हणून मर्यादा अन्यायाची ठरत नाही.

पवित्र सभेची शिकवणही हेच सांगते. इ. स. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात ‘खून करू नको’ या पाचव्या आज्ञेचे विवेचन करताना, मद्यपानाने किंवा वेगाच्या हौसेने स्वतःचे व इतरांचे प्राण धोक्यात घालणारा गंभीर दोषास पात्र होतो, असे म्हटले आहे. रस्त्यावर भेटणारा अनोळखी माणूसही आपला शेजारीच आहे.

म्हणून वाचकहो, गावाची वेस दिसताच वेग कमी करा. कॅमेरा आहे म्हणून नव्हे, तर समोर कोणाचे तरी मूल असू शकते म्हणून. ते अर्धे मिनिट त्या अनोळखी मुलासाठी खर्च झाले, असे समजा.