गढा-जबलपूरचे दुर्ग आणि मराठी दुर्गसंकल्पना : एक तौलनिक आकलन

मराठी साहित्यव्यवहारात 'किल्ला' हा शब्द केवळ वास्तुवाचक राहिलेला नाही. 'राज्यव्यवहारकोशा'तील दुर्गवर्ग, रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तील दुर्गप्रकरण, बखरी, पोवाडे आणि विसाव्या शतकात गो. नी. दांडेकरांसारख्या लेखकांनी रुजवलेले दुर्गभ्रमणाचे वाङ्मय अशा दीर्घ परंपरेतून या शब्दाला स्वराज्य, निष्ठा आणि प्रतिकार यांचे अर्थवलय प्राप्त झाले आहे. या परंपरेत वाचक किल्ल्याच्या आत उभा असतो आणि वेढा घालणारा बाहेरचा, परका असतो. हे स्थान इतके सवयीचे झाले आहे की ते एक स्थान आहे, याची जाणीवही सहसा होत नाही. गढा-मंडला या गोंड राज्याच्या आजच्या जबलपूर परिसरातील वास्तू पाहू जाता ही सवय अपुरी पडते. या वास्तूंविषयीचे संस्कृत, फार्सी, इंग्रजी, हिंदी आणि मौखिक गोंडी परंपरेतील कथन एकत्र ठेवले, तर मराठी माणूस तटाच्या बाहेरच्या बाजूला उभा असल्याचे दिसते. या स्थानांतराचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्थलनामांची संहिता

जबलपूरच्या ईशान्य बाजूस असलेले रिछाई हे आज औद्योगिक वसाहत म्हणून ओळखले जाते. कारखाने, गोदामे आणि मालमोटारी यांच्या या परिसरात इतिहासदर्शनासाठी कोणी मुद्दाम येत नाही. परंतु येथून शहरातून नैर्ऋत्येकडील गढा या जुन्या राजधानीच्या दिशेने निघाल्यास वाटेत अधारताल, चेरीताल आणि रानीताल ही नावे भेटतात. लोकपरंपरेनुसार रानीताल हा राणी दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा आणि अधारताल तिचा प्रधान अधार कायस्थ याचा तलाव होय. राणी, दासी आणि प्रधान ही एका दरबाराची उतरंड येथे जलाशयांच्या रूपाने नोंदवली गेली आहे. यांतील रानीतालच्या परिसरात आज क्रीडासंकुल उभे आहे. पाणी आटले, भराव पडले, वस्ती वाढली, तरी नावे टिकली. वास्तूपेक्षा नाव दीर्घायुषी ठरते, ही गोष्ट येथे प्रारंभीच लक्षात घ्यावी लागते. किल्ले आणि महाल यांच्या बरोबरीने तलाव हाही गोंड सत्तेच्या आत्मप्रकटीकरणाचा प्रकार होता. मदन महालाच्या टेकड्यांलगतचा संग्रामसागर हा संग्रामशाहाच्या नावाने ओळखला जातो, हेही या संदर्भात नोंदवण्याजोगे आहे.

मदन महाल हे या नगराचे सर्वाधिक परिचित प्रतीक आहे. ग्रॅनाइटच्या अजस्र शिळांनी भरलेल्या टेकडीवर, एका प्रचंड खडकाचाच पाया करून ही वास्तू उभारलेली आहे. सह्याद्रीतील दुर्गांची माची, बालेकिल्ला, दुहेरी तटबंदी मनात ठेवून येणाऱ्या मराठी प्रेक्षकाची येथे निराशा होण्याचा संभव असतो. 'महाल' म्हणावा एवढा विस्तार येथे नाही आणि 'किल्ला' म्हणावा एवढा तटही नाही. मोजक्या दालनांची ही वास्तू टेहळणीची जागा किंवा राजाचे विश्रामस्थान असावी, असे तिच्या स्वरूपावरून वाटते. परंपरा तिचा संबंध मदनसिंह किंवा मदनशाह या राजाशी जोडते. तिच्या सावलीत सोने पुरलेले आहे, असे सांगणारी लोकोक्तीही प्रसिद्ध आहे. पराभूत राजवंशाच्या वास्तूंभोवती पुरलेल्या धनाची कथा तयार होणे हा सार्वत्रिक कथाविशेष आहे. सत्ता गेली तरी तिचे वैभव जमिनीखाली शिल्लक आहे, असा विश्वास त्यातून व्यक्त होतो.

त्रिपुरी : महाराष्ट्राशी असलेला जुना धागा

गोंडांपूर्वी या प्रदेशावर कलचुरींची सत्ता होती. त्यांची राजधानी त्रिपुरी म्हणजे जबलपूरच्या पश्चिमेस असलेले आजचे तेवर होय. तेथून जवळच भेडाघाट येथे नर्मदेच्या काठी, दहाव्या शतकातील मानले जाणारे चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर आहे. मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने त्रिपुरीचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. 'काव्यमीमांसा' आणि 'कर्पूरमंजरी' यांचा कर्ता राजशेखर कनौजच्या प्रतिहार दरबाराप्रमाणेच त्रिपुरीच्या दरबाराशीही संबंधित होता. त्याची 'विद्धशालभञ्जिका' ही नाटिका युवराजदेवाच्या आश्रयाने रचली गेली, असे मानले जाते. याच राजशेखराने आपल्या पूर्वजाचा, अकालजलदाचा, उल्लेख 'महाराष्ट्रचूडामणि' असा केला आहे. म्हणजे महाराष्ट्र आणि नर्मदाकाठ यांचा वाङ्मयीन संबंध मराठी फौजांच्या आगमनाहून आठ शतके जुना आहे. तो संबंध कवीचा होता. नंतरचा संबंध चौथाईचा झाला.

दुर्गावती आणि रामनगर : वंशाचा प्रश्न

संग्रामशाहाच्या काळी गढ्याच्या राज्यात बावन्न गढ होते, असे परंपरा सांगते. त्यांतील सिंगोरगढ दमोह जिल्ह्यात, तर चौरागढ नरसिंहपूर जिल्ह्यात आहे. त्याचा पुत्र दलपतशाह याच्याशी चंदेल राजकन्या दुर्गावती हिचा विवाह झाला. पतीच्या मृत्यूनंतर पुत्र वीरनारायण याच्या नावाने तिने राज्य चालवले. १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान याने स्वारी केली तेव्हा नर्रई नाल्याजवळ लढताना जखमी झाल्यावर तिने स्वतःच्या हाताने प्राण दिला. बरेला परिसरात तिची समाधी आहे.

या घटनेचे सर्वांत विस्तृत जुने कथन शत्रुपक्षाच्या ग्रंथात, अबुल फजलच्या 'अकबरनाम्या'त आहे. राणीचे शौर्य, तिचे राज्यकौशल्य, तिची शिकार यांची तेथे मुक्तकंठाने प्रशंसा आढळते. त्याच ग्रंथात दलपतशाह हा मुळात संग्रामशाहाचा औरस पुत्र नसून एका कछवाह राजपुताचा मुलगा होता, अशी कथाही दिली आहे. चंदेल कन्या गोंड घराण्यात कशी आली, या प्रश्नाचे उत्तर देण्याची गरज दरबारी इतिहासकाराला भासली, हे येथे अर्थपूर्ण आहे. राणीची थोरवी मान्य करताना गोंडत्व मात्र बाजूला सारले जाते.

ही प्रवृत्ती केवळ मुघल दरबारापुरती मर्यादित नाही. हृदयशाहाने मंडला जिल्ह्यात नर्मदेच्या काठी रामनगर येथे राजधानी नेली. तेथील मोतीमहाल ही गोंड राजवास्तूंतील सर्वांत भव्य इमारतींपैकी एक होय. १६६७ चा प्रसिद्ध संस्कृत शिलालेख याच रामनगरचा. राणी सुंदरीदेवीच्या मंदिरनिर्मितीच्या निमित्ताने कवी जयगोविंदाने रचलेल्या या प्रशस्तीत यादवरायापासून हृदयशाहापर्यंतची पन्नासहून अधिक राजांची वंशावळ आहे. ऐतिहासिक पुराव्याच्या दृष्टीने या नामावळीचा पूर्वार्ध विश्वसनीय मानला जात नाही. परंतु साहित्याच्या अभ्यासकापुढील प्रश्न वेगळा आहे. एका गोंड राजाला सतराव्या शतकात संस्कृतात, पौराणिक धाटणीची वंशावळ दगडावर का कोरवावीशी वाटली? मुघल सत्ता, राजपूत शेजारी आणि ब्राह्मण पंडित यांच्या जगात राजत्वाची मान्यता मिळवण्याची भाषा तीच होती, हे त्याचे उत्तर होय. जवळपास याच दशकांत शिवाजी महाराजांनाही राज्याभिषेकप्रसंगी वंश आणि संस्कार यांचा प्रश्न सोडवावा लागला होता. १६६७ ची रामनगर प्रशस्ती आणि १६७४ चा रायगडावरील राज्याभिषेक यांची तुलना या दृष्टीने फलदायी ठरू शकते.

यादवरायाविषयीची आख्यायिका मराठी वाचकास विशेष कुतूहलाची वाटेल. तो गोदावरीकाठचा, नशीब काढण्यासाठी बाहेर पडलेला शिपाई होता. गोंड राजाच्या मुलीशी विवाह करून तो राज्याचा वारस झाला, असे परंपरा सांगते. एका पाठानुसार मोकळ्या सोडलेल्या नीलकंठ पक्ष्याने त्याच्या मस्तकावर बसून त्याची निवड केली. मराठी लोककथेत हत्तीने ज्याच्या गळ्यात माळ घालावी तो राजा होतो, त्याच कथाबीजाचे हे नर्मदाकाठचे रूप आहे. मात्र या कथेतही राजवंशाचा मूळपुरुष बाहेरून येतो. फार्सी ग्रंथ आणि स्थानिक आख्यायिका परस्परांपासून स्वतंत्र असूनही गोंड सत्तेला गोंडेतर मूळ देण्याबाबत त्यांचे एकमत दिसते.

याला उत्तर मौखिक परंपरेत सापडते. गोंडांचे वंशगायक असलेले परधान बाना या वाद्याच्या साथीने बडादेवाची आणि गोंड राजांची गाथा गातात. तिच्यात राजाचे गोंडत्व लपवण्याची गरज नसते. या समाजाचा महत्त्वाचा अभ्यास 'द परधान्स ऑफ द अप्पर नर्बदा व्हॅली' या १९४६ च्या इंग्रजी ग्रंथात शामराव हिवाळे यांनी केला. व्हेरिअर एल्विन यांचे आयुष्यभराचे सहकारी असलेले हिवाळे मराठी भाषक होते. ही सामग्री मराठी माणसाच्या हातून इंग्रजीत गेली. मराठीच्या दुर्गविषयक विचाराशी तिचा संवाद मात्र घडला नाही.

तटाबाहेरचे मराठे

१७४२ मध्ये पेशवा बाळाजी बाजीराव याच्या फौजेने मंडल्यावर स्वारी केली. तेव्हा महाराजशाह हा गोंड राजा मारला गेला आणि त्याच्या पुत्राला चार लाख रुपयांच्या चौथाईच्या अटीवर गादीवर बसवण्यात आले. १७८१ मध्ये सागरच्या मराठी सत्तेने शेवटचा राजा नरहरशाह याला पदच्युत करून राज्य खालसा केले. १७९८ मध्ये हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतले. म्हणजे मराठ्यांची येथील प्रत्यक्ष सत्ता सुमारे छत्तीस वर्षांची होती आणि दुर्गावतीच्या राजवंशाचा राजकीय शेवट मुघलांनी नव्हे, तर मराठ्यांनी केला.

मराठी दुर्गसाहित्याच्या मुख्य प्रवाहात या वस्तुस्थितीला फारसे स्थान मिळालेले नाही. नर्मदाकाठचा हा प्रदेश मराठी वाचकाला परिचित आहे तो प्रामुख्याने परिक्रमेच्या वाटेवरचा टप्पा म्हणून. दुर्गभ्रमणाचे भाष्यकार असलेल्या दांडेकरांनीच 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही नर्मदा परिक्रमेची कादंबरी लिहिली. परंतु त्यांच्या लेखनात दुर्ग सह्याद्रीचे आहेत आणि नर्मदा साधनेची आहे. मराठी मनाने या भूमीतून नदी स्वीकारली आणि गढ सोडून दिले, असे म्हणता येते. नदीपाशी जाणारा यात्रेकरू नम्र असतो. गढापाशी जाणाऱ्याला मात्र आपण येथे कोणत्या बाजूने आलो होतो, हे विचारावे लागते.

हा प्रश्न केवळ मध्य प्रदेशापुरता नाही. चंद्रपूर आणि बल्लारपूर येथील तट गोंड राजांचे आहेत. नागपूर नगराची स्थापना देवगढच्या बख्त बुलंदशाहाने केली. ज्या भोसल्यांनी जबलपूर ताब्यात ठेवले त्यांची राजधानीच गोंड राजाने वसवलेली होती. विदर्भाच्या इतिहासाचा हा पाया लक्षात घेतला, तर गोंड दुर्ग मराठीच्या परिघाबाहेरचे ठरत नाहीत.

कवितेचा पुरावा

गढ्याच्या राजवंशाची अखेरची नोंद वास्तूत नसून एका कवितेत आहे. १८५७ मध्ये पेन्शनीवर जगणारा वंशज शंकरशाह आणि त्याचा पुत्र रघुनाथशाह यांना कटाच्या आरोपावरून पकडण्यात आले. त्यांच्या घरझडतीत सापडलेले देवीचे पद्यमय स्तवन, ज्यात शत्रूच्या संहाराची प्रार्थना होती, ते राजद्रोहाचा पुरावा मानले गेले आणि अधिकाऱ्यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर नोंदवले. १८ सप्टेंबर १८५७ रोजी पितापुत्रांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्याच रात्री ५२ वी देशी पलटण बंड करून उठली. शतकानुशतके अन्य दरबारांच्या लेखणीने वर्णिलेल्या या घराण्याचा स्वतःचा शब्द शासकीय दप्तरात शिरला, तो आरोपपत्राचा भाग म्हणून. भक्तिपर स्तवन आणि राजकीय घोषणा यांच्यातील सीमा कोण ठरवतो, भाषांतरकार की न्यायाधीश, हा प्रश्न तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने या दप्तरासमोर विचारला पाहिजे.

त्यानंतरचे स्मरण हिंदीने केले. वृंदावनलाल वर्मा यांनी झाशीच्या राणीप्रमाणेच दुर्गावतीवरही कादंबरी लिहिली. जबलपुरात वास्तव्य असलेल्या सुभद्राकुमारी चौहान यांची सर्वाधिक लोकप्रिय कविता मात्र झाशीच्या, म्हणजे मराठी घराण्यातील, राणीवर आहे. दुर्गावतीच्या नगरीतून लक्ष्मीबाईचे काव्य यावे, ही घटना प्रादेशिक स्मृती भाषेच्या सीमा कशा ओलांडतात याचे उदाहरण आहे. हिंदीने मराठी राणीला आपली मानले. मराठीने गोंड राणीबाबत तेवढे औदार्य दाखवल्याचे दिसत नाही. सार्वजनिक स्मारकांची भरपाई मात्र होत राहिली. जबलपूर विद्यापीठाला १९८३ मध्ये राणी दुर्गावतीचे नाव देण्यात आले, तर २०२४ मध्ये शंकरशाह व रघुनाथशाह यांच्या नावे संग्रहालय खुले झाले.

समारोप

गढा-जबलपूरच्या वास्तूंचे दर्शन एकाच भाषेच्या आधारे पूर्ण होत नाही. फार्सी ग्रंथ राणीला गौरवतो आणि वंश झाकतो. संस्कृत प्रशस्ती वंश घडवते. परधान गायक त्याला गोंडीपण परत देतो. इंग्रजी दप्तर कवितेला गुन्हा ठरवते आणि हिंदी साहित्य तिला राष्ट्रीय स्मृतीत नेते. या संहितांच्या मांदियाळीत मराठीची नोंद प्रामुख्याने चौथाईच्या आणि मामलतीच्या कागदांची आहे. आज्ञापत्रकारांनी दुर्गांना राज्याचे सार म्हटले. ते विधान स्वराज्याविषयी जितके खरे आहे तितकेच ते जिंकल्या गेलेल्या राज्याविषयीही खरे आहे. गढ घेणे म्हणजे सार घेणे, हा त्याचा दुसरा अर्थ मंडल्याच्या तटाशी स्पष्ट होतो. मराठी दुर्गवाङ्मयाचा अभ्यास या दुसऱ्या अर्थासह झाला, तर त्यात सह्याद्रीचे महत्त्व उणे होणार नाही. त्याला केवळ नर्मदेकडूनही पाहिले जाईल.