चाकू खिशात असावा, पण कोणता?

माध्यमिक शाळेत शिक्षक असलेल्या आमच्या एका स्नेह्यांनी सांगितलेला प्रसंग आहे. दहावीतील एका मुलाच्या दप्तरात त्यांना चाकू सापडला. पाते सहा इंची, पाठीवर करवतीसारखे दाते, मुठीवर पितळी नक्षी आणि खटका दाबताच झटकन उघडणारी कळ. "कशाला आणलास?" असे विचारता मुलगा म्हणाला, "असू द्यावा, सर. दिवस बरे नाहीत." त्याच्या वडिलांना निरोप धाडून सर शिक्षकांच्या खोलीत आले. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याची सुतळी कापण्यासाठी त्यांनी सवयीने स्वतःच्या खिशातला घडीचा चाकू काढला. तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या त्या मुलाने विचारले, "सर, मग तुमचा?"

सर क्षणभर निरुत्तर झाले. प्रश्न उद्धट असेल, पण गैरलागू खचित नव्हता. छत्रपती संभाजीनगरासारख्या शहरात तर तो अधिकच गंभीर ठरतो. २०१८ च्या मे महिन्यात येथे दंगल उसळली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस लोकांनी घरपोच मागविलेल्या तलवारी व चाकू पोलिसांनी जप्त केले. तेव्हापासून 'चाकू' हा शब्द उच्चारताच सभ्य माणसाच्या कपाळाला आठी पडावी, हे स्वाभाविक आहे. तथापि भीतीपोटी एका उपयुक्त अवजारालाच गुन्हेगार ठरविणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

खिशातला चाकू मुळात गुंडाचा नव्हेच. तो लेखणी चालविणाऱ्याचा. फार्सीत त्याचे नावच 'कलमतराश', म्हणजे कलम तासणारा. इंग्रजांचा 'पेननाइफ'ही पिसाची लेखणी तासण्यापुरताच जन्माला आला. बोरूचे टोक तिरपे कापल्याखेरीज मोडीचे वळण साधत नसे; म्हणून दप्तरातील कारकुनाच्या कलमदानात चाकू असे आणि पंतोजींच्या हाताशीही असे. बोरू गेला, टाक गेला, पण काम संपले नाही. पार्सलाची दोरी, पेन्सिलीचे टोक, पाकिटाची कड, डब्यातला पेरू, प्रवासातला आंबा ही सगळी कामे आजही आहेत. हा वारसा शिक्षकांचा आणि कारकुनांचा आहे. तो टवाळांच्या हाती सोपवून आपण मोकळे का व्हावे?

मग चांगला चाकू निवडावा कसा? पहिली कसोटी पात्याच्या लांबीची. नित्याच्या कामाला अडीच ते तीन इंचांचे पाते पुरते. त्याहून लांब पाते काम वाढवीत नाही, केवळ रुबाब वाढविते. पाठीवरचे दाते आणि मुठीवरची नक्षी ही कारागिरीची उणीव झाकण्यासाठी असतात, असे पुष्कळदा आढळते.

दुसरी कसोटी पोलादाची. साधे कार्बन पोलाद धार लवकर घेते, पण लिंबाच्या किंवा कैरीच्या रसाने काळवंडते आणि पावसाळ्यात गंजते. वापरानंतर ते पुसून कोरडे करावे लागते. गंजरोधक पोलादात क्रोमियमचे प्रमाण सुमारे ११ ते १३ टक्के वा अधिक असते. शेफील्डच्या हॅरी ब्रियरली यांनी १९१३ मध्ये असे पोलाद तयार केले आणि सुऱ्या-चाकूंचा व्यवसायच पालटला. परंतु पोलादाच्या जातीपेक्षाही महत्त्वाचे ते त्याला दिलेले पाणी. तापवून, विझवून आणि पुन्हा बेताने तापवून पात्याला जो कठीणपणा आणि चिवटपणा येतो, त्यावर सारे अवलंबून असते. पाणी कमी पडले तर धार मुडपते, अधिक झाले तर पात्याचा कपचा उडतो. माणसाला आपण 'पाणीदार' म्हणतो, ते उगाच नव्हे.

हे पाणी डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तेथे बनविणाऱ्याच्या नावावर विश्वास ठेवावा लागतो. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्झनर यांनी १८८४ मध्ये कारखाना काढला आणि १८९७ मध्ये आपल्या प्रसिद्ध चाकूची नोंदणी केली. फ्रान्समधील सव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा साधा चाकू घडविला. दोन्ही घराण्यांचे चाकू आजही जगभर विकले जातात, ते दिखाऊपणामुळे नव्हे. अर्थात नामांकित मालाची नक्कलही होते. तेव्हा पदपथावर लाल मूठ आणि क्रूसाची खूण पाहून भुलू नये.

बाकीची परीक्षा दुकानातच करता येते. पाते पूर्ण उघडून डावी-उजवीकडे हलवून पाहावे. बिजागरीत खेळ असेल तर चाकू परत ठेवावा. मिटताना पाते मुठीच्या मधोमध बसावे, कडेला घासू नये. उघडताना स्प्रिंगेचा ठाम 'टक्' असा आवाज यावा. जोर लावून काम करायचे असेल तर पाते अडकविणारी कळ असावी, म्हणजे ते बोटांवर मिटत नाही. शेवटी वर्तमानपत्राचे एक पान हवेत धरून कापावे. चांगली धार कागद फाडत नाही, चिरते. बोथट चाकू निरुपद्रवी असतो, हा समज मात्र खोटा. त्याला जोर अधिक लावावा लागतो आणि तो निसटून हातावर येतो. म्हणून चाकूबरोबर धारेचा दगडही घ्यावा.

पोलादाची पारख ही आपल्याकडे नवलाईची गोष्ट नव्हे. आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यातले कोनासमुद्रम हे गाव मुशीतल्या पोलादासाठी विख्यात होते, आणि ते नेण्यासाठी इराणी व्यापारी तेथे येत. १९५६ पर्यंत ते गाव आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. आज आपल्याच चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये तरुण मुले साचे आणि यंत्रांची हत्यारे घडविण्याचे शिक्षण घेतात. ज्या शहरात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब रोज होतो, तेथील ग्राहकाने पितळी नक्षीला भुलावे, ही खेदाची गोष्ट होय.

आता कायदा. शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती, शेतीच्या व औद्योगिक कामाची अवजारे त्यातून वगळली आहेत. परंतु त्याहून लहान पाते म्हणजे मोकळीक, असे समजू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये मनाई आदेश लागू असेल, तर सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगण्यावरच बंदी घालता येते. विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही. न्यायालयात आणि परीक्षा केंद्रात तो न नेणेच शहाणपणाचे. आपला चाकू कोणत्या दिवशी घरी ठेवावा, हे ज्याला कळते, त्यालाच तो बाळगण्याचा अधिकार आहे.

या साऱ्याचा विचार केला म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. त्याचा चाकू सहा इंची, म्हणजे नऊ इंचांच्या मर्यादेत बसणारा. केवळ पट्टी लावून भेद कळणार नाही. सरांचा चाकू दिवसातून दहादा बाहेर येतो, चारचौघांसमोर उघडतो आणि काम संपताच मिटतो. मुलाचा चाकू दप्तराच्या तळाशी लपून एका वाईट क्षणाची वाट पाहत असतो. आणि भ्यालेल्या हातातला असा चाकू बहुधा ज्याचा त्यालाच तुरुंगात नाही तर रुग्णालयात पोचवितो.

सरांनी दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बोलावून हेच सांगितले. पण त्याआधी त्यांनी त्याला आणखी एक प्रश्न विचारला: "दिवस बरे नाहीत म्हणालास. तुला भीती कोणाची वाटते?" मुलगा बराच वेळ बोलत राहिला. चाकू जप्त करणे सोपे असते. हा प्रश्न विचारणे आणि त्याचे उत्तर ऐकून घेणे, हे आपल्या शाळांचे आणि घरांचे खरे काम आहे.